दहावं नख

आई,

माझ्या डाव्या करंगळीचं नख गुलाबी आहे. मी ते रंगवलेलं नाही. गेल्या शुक्रवारी सकाळी चहा गाळताना पहिल्यांदा दिसलं. बाकीची नऊ कोरी होती. कापसावर रिमूव्हर घेऊन मी ते पुसलं. कापूस गुलाबी झाला, म्हणजे रंग खरा होता. शनिवारी सकाळी तो परत आला. रविवारी पुन्हा. मी मुलीला विचारलं, तू गंमत करतेस का. ती म्हणाली, "मी कशाला करू? तूच झोपेत लावते असशील. एकदम वियर्ड आहेस तू, आई." तिचा नेलपॉलिशचा डबा मी उघडून पाहिला. त्यात गुलाबी चार होते. त्यातला एकही हा नव्हता. ही छटा दुकानात मिळत नाही. ती फक्त तू करायचीस.

पांढरी बाटली अर्धी ओतून त्यात लालचे दोन थेंब आणि तपकिरीचा एक, सायकलच्या बेअरिंगमधले दोन छर्रे टाकून तळहातावर बाटली फिरवत बसायचीस. हलवायची नाही, बुडबुडे येतात. बाबा खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये, म्हणून बायका डोळे मिचकावून विचारायच्या, "खिदिरपूरचा माल वाटतं?" तू म्हणायचीस, "हो तर. आजच बोटीतून उतरवलाय." सगळ्या बाटल्या गडियाहाटच्या फुटपाथवरच्या. बंगाली बायकांना लाल हवा असायचा, आपल्याकडच्यांना मोतिया, पण तुझ्या टेबलावर बसलेली प्रत्येकजण गुलाबी लावूनच उठायची. नखाचा स्वतःचा रंग असतो ना, तू म्हणायचीस, तोच हवा. लावलाय हे कळता कामा नये.

भवानीपूरच्या त्या घरात शनिवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसलं जायचं, त्यावर जुना पंचा. मला अजून तो पंचा दिसतो, त्याची एक कड रिमूव्हरने पांढरी पडलेली आहे. स्टीलच्या पातेल्यात कोमट पाणी, त्यात शाम्पूचे दोन थेंब, पाच मिनिटं बोटं बुडवायची. टोकं घासायची ती एकाच दिशेने. मी पुढे-मागे घासलं की तू माझ्या मनगटावर चापट मारतेस. "सुरी पाजवतेस का?" मग रंग. मधला फटकारा, डावा, उजवा. कडेला केसाएवढी जागा सोडायची. पातळ लाव, नखाला श्वास घेऊ दे. आणि पाहुणीच्या हाताला ब्रश लावण्याआधी नवा रंग तुझ्या डाव्या करंगळीवर. तो वाळेपर्यंत कोणी बोलायचं नाही. तू करंगळी खिडकीकडे धरून बघायचीस आणि मग म्हणायचीस, "हं. आता द्या हात." हळदीकुंकू असो, कुणाची मंगळागौर, खालच्या काकीमांच्या मुलीचं लग्न किंवा दुर्गापूजेतली अष्टमीची अंजली, रंग आधी तुझ्या करंगळीवर आणि मग जिचं कार्य तिच्या हातांवर. हा क्रम तू कधी मोडला नाहीस. म्हणून शुक्रवारपासून मला एकच प्रश्न पडला आहे. माझ्या करंगळीवर तू हा रंग कोणासाठी करून बघते आहेस?

आता हे काम माझ्याकडे आहे. पूजा आटोपली की ऑक्टोबरातल्या एका रविवारी आमच्या इमारतीतल्या बायका माझ्या घरी जमतात. एक डॉक्टरीणबाई स्तनाच्या कॅन्सरबद्दल अर्धा तास बोलतात, मग मी प्रत्येकीची अनामिका गुलाबी रंगवते. फक्त अनामिका. कोणीतरी विचारावं, एकच नख का, आणि तिने सांगावं, स्वतःला तपासून बघ, यासाठी. ही कल्पना माझीच. यंदा बावीसजणी आल्या. समोरच्या घरातल्या बौदी, आपल्याकडच्या वहिनी, म्हणाल्या, "एकच नख? आमच्या ह्यांना वाटेल बाटली संपली." सगळ्या हसल्या. निघताना त्यांनी माझा हात धरला. "दिदी, तुमचं मात्र दर वर्षी कोरंच. असं का हो?" मी म्हटलं, मला कणीक मळायची असते. त्यांनी मान डोलावली, पण माझ्या हाताकडे थोडं जास्त वेळ पाहिलं.

तुझ्या शेवटच्या वर्षात हे टेबल बंद होतं. औषधाने तुझी नखं काळवंडली, त्यांवर आडव्या रेघा आल्या. लोकांना आपण सांगितलं, डोळ्यांना त्रास होतो, बारीक काम जमत नाही. खरं तिघांनाच माहीत होतं, तुला, बाबांना आणि मला. माझं लग्न ठरत होतं. आईला हे आहे म्हटल्यावर मुलीलाही होईल, असं तिकडचे म्हणतील, हे तू स्वतः मला सांगितलंस, भाजी निवडताना, आवाज न बदलता. "कार्यक्रम होऊ दे. मग काय सांगायचं ते सांगू." मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला त्या मुलाशी लग्न करायचं होतं. मी हो म्हटलं. तुझ्यावर काही लादलं गेलं असं नाही. माझ्यावरही नाही.

साखरपुड्याच्या सकाळी तू पंचा अंथरलास. बऱ्याच महिन्यांनी. रंग तूच केलास, छर्रे फिरवताना मध्ये दोनदा थांबलीस. मला वाटलं, मला बसवणार. तू खुर्चीत बसून माझ्यासमोर दोन्ही हात ठेवलेस. "आज तू लाव. माणसं ओटी भरताना हाताकडेच बघतात." मी रंगवलं. दहा नखं, आधी करंगळी. तू ती खिडकीकडे धरलीस आणि म्हणालीस, "हं." दुपारी तू कोचावर बसून सगळं केलंस. कुंकू लावलंस, पेढे दिलेस, माझ्या सासूबाईंनी तुझा हात हातात घेऊन म्हटलं, "विहीणबाई, काय सुरेख हात ठेवलेत हो तुम्ही." तू हसलीस. बोलली नाहीस. आता मला कळतं की बोलायला तुला श्वास पुरत नव्हता. पाच वाजता पाहुणे उठू लागले तेव्हा तू भिंतीला धरून आतल्या खोलीत गेलीस आणि पलंगावर बसून राहिलीस.

त्या संध्याकाळी नर्सिंग होममधला डॉक्टर माझ्याच वयाचा होता. त्याने तुझ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि यंत्रावर आकडा येईना. "हे नखांवर काय आहे? पुसा आधी." रिमूव्हर घरी राहिलेला. नर्सने स्पिरिट दिलं, त्याने रंग नुसता चिकट झाला. तू मूठ मिटलीस. बोटं उघडू देईनास. म्हणालीस, "नको काढू. अजून सगळे गेले नसतील." तुला वाटत होतं आपण घरीच आहोत. मुठीबाहेर राहिली होती ती करंगळी, डावी. मी माझ्या नखाने ती खरवडली. पापुद्रे निघाले आणि खाली निळं नख आलं. डॉक्टरने चिमटा तिथे लावला, आकडा बघितला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सकाळीच आणायला हवं होतं." मी म्हटलं, "सकाळी काही कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तुला घरी आणलं. खालच्या काकीमा आलत्याची बाटली घेऊन वर आल्या. त्यांच्यात सवाष्ण गेली की पावलांना आलता लावतात, आपल्यात काय करतात हे त्यांनी विचारलं नाही आणि कोणी त्यांना थांबवलं नाही. पावलं झाल्यावर त्यांनी तुझे हात पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "नोख तो शाजानोई आछे." नखं तर सजवलेलीच आहेत. मग डावा हात उलटा केला. "एकटा बाकी." एक राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाटातून बाटली आणायला हवी होती. दोन पावलांवर कपाट होतं. मी उठले नाही. नऊ गुलाबी आणि एक निळं नख घेऊन तू गेलीस.

ती बाटली माझ्याकडे आहे. सव्वीस वर्षं लोखंडी कपाटाच्या खणात. सोमवारी मी ती काढून पाहिली. झाकण काचेला धरून बसलं आहे, पकडीनेही फिरत नाही. आतला रंग तळाशी दगड झाला आहे आणि छर्रे त्यात रुतलेत. मी बाटलीशेजारी करंगळी धरली. छटा तीच. फरक इतकाच की बोटावरचा रंग ओला असल्यासारखा चमकत होता. लावणाऱ्याने मधला फटकारा, डावा, उजवा असा लावला होता आणि कडेला केसाएवढी जागा सोडली होती. माझ्याकडून ती जागा इतकी सरळ कधी सुटत नाही.

तुला अजून एक सांगायचं राहिलं. मला उजव्या बाजूला गाठ लागली आहे. बायका जमल्या त्याच्या तीन आठवडे आधी, आंघोळ करताना. वाटाण्याएवढी, दुखत नाही. डॉक्टरीणबाई बोलत होत्या तेव्हा मी त्यांच्यामागे उभी राहून बशीत बिस्किटं लावत होते. बावीसजणींना मी म्हटलं, अंगावर काढू नका. मुलीचं लग्न बंगाली घरात ठरलं आहे. मार्गशीर्षात त्यांचा आशीर्वादाचा कार्यक्रम आहे, आपल्या साखरपुड्यासारखाच. तुझा जावई बँकेच्या बदलीवर गुवाहाटीला, त्याला फोनवर काय सांगायचं. मी ठरवलं, कार्यक्रम होऊ दे. हे शब्द मनात आले तेव्हा ते कोणाचे आहेत हे मला ओळखू आलं नाही. शुक्रवारी नख रंगलेलं दिसलं, तेव्हा आलं.

काल दुपारी मुलगी टेबलावर येऊन बसली. "आई, चल. फंक्शनसाठी ट्रायल. मला तुझ्या आईवाला गुलाबी पाहिजे, तू सांगते ना नेहमी, लावलाय ते कळत नाही तो." तिने दोन्ही हात माझ्यासमोर ठेवले. पंचा नव्हता, मी टॉवेल अंथरला. पांढऱ्यात लाल टाकला, तपकिरी टाकला. बाटली तळहातावर फिरवली. नवा रंग आधी आपल्या करंगळीवर लावायचा, म्हणून मी डावा हात पुढे घेतला. तिथे तुझा रंग होता. सकाळीच पुसलेला. तिने पाहिलं. "हा नख परत? दे इकडे." तिने माझं बोट धरलं आणि कापसाने घासू लागली, पुढे-मागे, सुरी पाजवल्यासारखं. मला तुझी चापट आठवली, पण हात उचलला नाही. रंग निघेना. तिने दुसरा कापूस घेतला, मग तिसरा. मग ती थांबली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "आई, तुझा हात किती थंड आहे. काय झालंय?"

तिने विचारलं म्हणून मी सांगितलं. गाठ, कधीपासून, कुठे. मग तुझं, जेवढं तिला माहीत नव्हतं तेवढं. ती रडली नाही. ओरडली. "बावीस लोकांना सांगते आणि मला नाही? मी कोण आहे इथे, भाडेकरू?" मी म्हटलं, कार्यक्रम होऊ दे म्हणून. "गेला खड्ड्यात कार्यक्रम." तिने तिथेच फोन लावला, डॉक्टरीणबाईंना, मग गुवाहाटीला तिच्या बाबाला, मग लग्न ठरलेल्या त्या मुलाला. त्याला तिने सगळं एका दमात सांगितलं, माझ्यासमोर, बंगालीत, आणि शेवटी म्हणाली, तुझ्या आईलाही सांग, आजच. मी टेबलाची कड धरून बसले होते. मग त्याने विचारलं, उद्या किती वाजता, मी गाडी घेऊन येतो. तिची नखं कोरीच राहिली.

आज अकराला जायचं आहे. तपासणीला येताना नखांवर रंग नको, असं फोनवर सांगितलं आहे. सकाळी उठून मी खिडकीशी गेले आणि बोटं पाहिली. दहाही कोरी होती. करंगळीचं नख जरा पिवळट, पुसून पुसून खरबरीत झालेलं, माझंच. मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. कोणीतरी इतके दिवस माझा हात धरून बसलं होतं आणि आता उठून गेलं, असं वाटलं. हे लिहिते आहे ती वही मी बाटलीच्याच खणात ठेवणार आहे. त्याआधी एक दुरुस्ती.

डॉक्टरला, बाबांना, सासूबाईंना, काल मुलीलाही मी सांगितलं की सकाळी काही कळलं नाही. औषधाच्या काळ्या रेघा मला पाठ होत्या. त्या सकाळी त्यांच्याखालून जो रंग येत होता तो निळा होता, आणि तो मला दिसला. तुझे ओठही दिसले. तू म्हणालीस, "बघत काय बसलीस? लाव." पातळ लावायचं, हे तूच शिकवलं होतंस. पण एका थरातून निळं दिसत होतं, म्हणून मी दुसरा दिला.