तिसऱ्या खेपेची चाळीस पोती

२ जुलै २०२४, मंगळवार

भेसळ! शब्द काय वापरलाय – भेसळ!

इटलीच्या चामडे कंपनीचं बेचाळीस पानी म्हणणं आज आलं. कातडी कमवायला गेल्या वर्षी पाठवलेल्या आमच्या हिरड्याच्या भुकटीने त्यांची कातडी डागाळली. का? तर आम्ही म्हणे चांगल्या मालात जुना, कुजका हिरडा जाणूनबुजून मिसळला. तळपायाची आग मस्तकात गेली. कुडपणपासून उमरठपर्यंतच्या बायका उन्हातान्हात हिरडा वेचतात, फोडतात, वाळवतात आणि विश्वासाने आम्हालाच घालतात. निकालात भेसळ लिहिली गेली तर आमच्या मालाला परदेशात पुन्हा कोण हात लावणार? पोलादपूरच्या गोदामाला कुलूपच लावायचं.

आणि भांडायचं कुठे? महाडच्या कोर्टात नाही, मुंबईतही नाही. कराराच्या सतराव्या कलमाप्रमाणे सिंगापूरच्या लवाद संस्थेपुढे! संस्थेने नेमलेला एक लवाद, तो सांगेल ते अखेरचं. अपील जवळजवळ नाहीच. करारावर सही वडिलांची, आबांची. "वाचलं नव्हतं का?" म्हटलं.

"पंचाकडं जायाचं लिवलंय ना? मग बरं हाय की. कोर्टापरीस पंच बरा." वर हसले!

१९ जुलै, शुक्रवार

माझी लेखी साक्ष पाठवली. आमच्या वकील प्रियदर्शिनी मॅडमनी मुंबईहून तीनदा परत पाठवली होती. "निशिगंधा, विशेषणं काढा. लवादाला तुमचा राग नको, तारखा हव्यात." काढली विशेषणं. निर्लज्ज, उलट्या काळजाचे, सगळी काढली. उरलं ते एवढंच – प्रत्येक खेप वाळवली, तिची आर्द्रता मोजली, मगच पोती भरली. गुणवत्तेच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर सही माझी. खाली प्रतिज्ञा, त्याखाली पुन्हा सही.

घ्या!

२१ जुलै

आबांचा फोन. "पंचाला भेटाया कधी जायाचं?" डोकं फुटायची वेळ आली आहे.

११ ऑगस्ट, रविवार

गावी गेले होते, मुद्दाम समजवायला. आबा वीस वर्षं गावकीचे पंच. आमच्या गावची रीत अशी – बैठकीआधी ज्याने त्याने पंचाच्या ओटीवर जायचं आणि पहिलं आपलं स्वतःचं उणं सांगायचं. समोरच्याची तक्रार मग बैठकीत. आबांच्या मते याच्याशिवाय न्याय होऊच शकत नाही.

मी सांगितलं, इथे तसं चालत नाही. लवादाला एकट्याने भेटायचं नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही. जे काही कळवायचं ते संस्थेमार्फत, समोरच्याला प्रत देऊन.

"मंग आपला मानूस कसला हाय, ते त्याला कळनार कसं?"

"कागदांवरून, आबा."

सुपारी कातरत राहिले. मला वाटलं, पटलं. मूर्ख मी!

२८ ऑगस्ट, बुधवार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

सकाळी संस्थेच्या कार्यालयाची ईमेल – आम्हाला, आमच्या वकिलांना, त्यांच्या वकिलांना. 'लवादांना श्री. हैबती यांच्याकडून थेट एक पत्र मिळाले आहे. नियमानुसार ते दोन्ही बाजूंना पाठवत आहोत.'

आबांनी पत्र लिहिलं! गावच्या मालोजी गुरुजींकडून इंग्रजी करून घेतलं आणि महाडच्या पोस्टातून सिंगापूरला धाडलं! त्यात काय, तर आमचं उणं. मागच्या वर्षी मार्चात अवकाळी पाऊस झाला, गोदामाचा पत्रा उडाला, तिसऱ्या खेपेची चाळीस पोती भिजली. गोदामावरच्या मुरारीने बाजूला काढली, दोन दिवस उन्हात घातली, पुन्हा भरली. 'कुजका हिरडा आम्ही मिसळला नाही. भिजलेला पाठवला, ही चूक माझी.'

मला काहीही माहीत नव्हतं! मी तेव्हा मुंबईला प्रदर्शनात होते. परत आले तेव्हा पत्रा जागेवर, पोती थप्पीला. दीड वर्ष आबा गप्प, मुरारी गप्प. आणि इथे मी प्रतिज्ञेवर लिहून बसले आहे की सगळा माल कोरडा!

मॅडम फोनवर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२९ ऑगस्ट

गावी जाऊन भांडून आले. ओटीवर उभी राहून, आजूबाजूची दारं उघडली तरी.

"परक्या माणसाला सांगितलंत, त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही! मला नाही सांगितलंत!"

"तो पंच हाय."

"आणि मी कोण?"

अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू लपवलं असतंस गो."

मी न जेवता निघाले. घाटभर रडत गाडी चालवली. माझ्या बापाने मला असं म्हणावं! आणि इतक्या शांतपणे!

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणपती. आज लवादांचा आदेश – पत्र पुराव्यात घेतलं, आबांची उलटतपासणी होणार. आबा म्हणाले, "बरं." गुरुजींना म्हणावं, आता अभिनंदनाची तार करा!

१६ ऑक्टोबर, बुधवार

सुनावणी झाली. महाडच्या आमच्या ऑफिसात, लॅपटॉपसमोर. आबा इस्त्रीची टोपी घालून, पडद्यावर लवाद, त्यांचे वकील, इटलीचा साहेब आणि एक दुभाषी. मी कंपनीतर्फे शेजारी बसलेली. तोंड उघडायची मनाई.

त्यांची वकील चाळीस पोत्यांवरून धारेवर धरत होती. आबांचं प्रत्येक प्रश्नाला तेच – "चाळीस. भिजली. चूक माझी. बाकीची नाय. कुजकं एक फळ नाय." आवाज चढला नाही. मीच आतल्या आत दातओठ खात होते.

मग तिने प्रमाणपत्र पडद्यावर आणलं. तिसरी खेप, आर्द्रता अकरा टक्के, खाली माझी सही. पोती भिजली होती तर हा आकडा आला कसा? मोजलं कोणी?

आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी मोजलं. आकडा मी सांगितला, पोरीनं लिवला. मीटर मला नीट वाचता आला नसंल."

लवादांनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं. संपलं.

संध्याकाळी मॅडम खूश. "तुमचे वडील फार चांगले साक्षीदार आहेत. चूक आपणहून सांगणारा माणूस भेसळ करत नाही, हे लवादांना दिसलं. तो आरोप टिकणार नाही बहुतेक." मी हो हो म्हटलं. मग ऑफिसातली रखमा चहा घेऊन आली तर तिच्यावर उगाच खेकसले. आपण जिंकतोय म्हणे. तरी राग जात नाही. मुरारीचा नाही, त्या वकिलीणबाईचा नाही, आबांचाही नाही.

१७ ऑक्टोबर

आबांनी मोजलं नव्हतं. त्यांना मीटर सुरूसुद्धा करता येत नाही. मीही मोजलं नव्हतं. प्रदर्शनातून आले, कंटेनर दारात उभा होता, दुसऱ्या खेपेचा आकडा तिसऱ्याच्या कागदावर उतरवला आणि सही ठोकली. मोजलं असतं तर ती चाळीस पोती तिथेच सापडली असती. मी मोजलं नाही, हे आबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

सकाळी मॅडमना फोन केला. "हे कळवलंत तर तुमच्या वडिलांची सगळी साक्ष जाईल. भेसळीचा मुद्दासुद्धा परत उभा राहील. नीट विचार करा." केला म्हटलं. माझ्या साक्षीच्या दुरुस्तीचं पत्र लिहून संस्थेला धाडलं, समोरच्यांना प्रत.

आबांना अजून सांगितलेलं नाही.