सहा ते सात, रंजिता घरी

१६ मे २०२५, शुक्रवार. दुपारी ३.४०.
कामोठ्याच्या घरी. मोबाइलवर रंजिताचा उद्याचा पत्ता बदलत होतो. पुन्हा तपासला.

पहाटे सहा ते सात ती कुठे असेल, हे कळवावंच लागतं. उत्तेजक तपासणीवाले न सांगता येतात. वर्षात तीनदा सापडली नाही, तर दोन वर्षांपर्यंत बंदी. दोनदा झालंय — एकदा गाडी अडकली, एकदा आमची बेल बंद. आणि ऑगस्टमध्ये बँकॉकची स्पर्धा. कॉलेजात मैत्रिणीचे स्पाइक घालून धावणारी माझी बहीण, भारताच्या रिलेत!

आज हृतिकची हळद. करंजाला काळूरामकाकांकडे मुक्काम. रंजिता नको म्हणत होती. आई म्हणाली, "चुलतभावाची हळद हाय. लोकं बोलतील, धावायला लागली नि मानसं इसरली."

खूण लिहिली: निळा दरवाजा, मंडपाशेजारी.

१७ मे. सकाळी ८.१५. करंजा.
तिसरी वेळ. झालं.

मी तपासणीवाल्याची वाट बघत रस्त्याच्या तोंडाशी उभा. तो धक्क्याच्या बाजूने आला, मला दिसलाच नाही. रंजिता आतल्या खोलीत तयार होती, पण बायकांचे धवले, लग्नाची गाणी, चालू, तिला ऐकू गेलं नाही. दारात काका. तासाभरात त्याने तीनदा विचारलं. काकांनी तीनदा सांगितलं, "रंजिता नाय हाय इथं."

मला म्हणाले, "गल्यात कार्ड, हातात फाइल. जमिनीची नोटीस असनार. तीस वर्सं आमी दारातून हेच सांगतो."

खूश होते. मग रंजिता बाहेर आली, हातात पाण्याची बाटली. तिचा चेहरा बघून दारातून बाजूला झाले.

२० मे.
काकांनी लेखी जबाब दिला तर विचार होईल, असं तिच्या कोच मॅडम म्हणाल्या. मी लिहिला, शुद्धलेखन तपासलं, करंजाला गेलो.

"यात सात-बारा कुटं हाय?"
"कुठेच नाही, काका."
"मग सही कशाला पायजे?"

चपला घालून धक्क्यावर निघून गेले. काकी हळूच म्हणाली, "सासऱ्यांनी एक सही केली नि शेत गेलं."

२१ मे.
रंजिता सरावाला गेली नाही. स्पाइक धुऊन बाल्कनीत ठेवलेत.

२३ मे.
शेवटचा दिवस. पाचपर्यंत जबाब पाठवायचा होता. दुपारी काका आमच्या दारात. मी करंजाला ठेवून आलेला कागद खिशात, घडी घातलेला. सही नाही.

"पोरी, तू हा कागद वाचलास ना?"
रंजिताने मान डोलावली.
"मग आन पेन."

अक्षरं वाकडी आली. आडनाव ओळीबाहेर गेलं. घाम पुसत म्हणाले, "आता माज्याकडं काय बी मागू नका."

चार वाजता पाठवला.

३० जून.
निकाल आला. नोंद कायम. जबाबामुळे दोनाऐवजी एक वर्ष बंदी. परत धावायचं तर बंदीतही रोजचा पत्ता कळवायचा. बँकॉक गेलं.

मी म्हणालो, धावणं सोडलं असं कळवून तपासणीच्या यादीतून नाव काढू, मग पहाटे कोणी येणार नाही. रंजिताने मोबाइल माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "उद्याचा पत्ता भर, दादा."

काकांना फोनवर निकाल कळवला. त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी कपड्यांची पिशवी घेऊन इथे राहायला हजर.

११ जुलै. पहाटे ६.१०.
बेल. मी उठेपर्यंत काकांनी दार उघडलं होतं. बाहेर गळ्यात कार्ड घातलेल्या बाई, हातात पेटी.

"हाय ती," काका म्हणाले. "या, आत या."