बारा जूनच्या नाटकातला कप्तान

२४ मे २०१५, रवि. ख्राइस्टचर्च
सकाळीच नेस्टर दारात. फिलिपिन्सचा, माझा एकमेव पक्का प्लास्टरवाला. त्याच्या बायकोला तिकडे ऑकलंडला, न्यू लिनच्या नर्सिंग होममध्ये काम लागलंय, त्यालाही जायचंय. तिथला एक प्लास्टर कॉन्ट्रॅक्टर त्याला घ्यायला तयार आहे, पण माझं शिफारसपत्र मागतोय. व्हिसावर नाव माझ्या कंपनीचं. तो बदलल्याशिवाय दुसरीकडे थापी धरता येत नाही. "बघू," म्हटलं. भूकंपानंतरची सहा घरं जुलैअखेर द्यायचीत. हा गेला तर काम गेलं, आणि आमचं घर बँकेकडे.

२९ मे, शुक्र.
स्मोकोला, म्हणजे साइटवरच्या चहाच्या सुट्टीत, नेस्टर म्हणाला, "सर, बारा जून आमचा स्वातंत्र्यदिन. दुसऱ्या दिवशी, शनिवारी नाटक आहे. स्पॅनिश कप्तान व्हाल? मिशी आहेच." हो म्हटलं. माझी सहाही फिलिपिनो माणसं खूष. जरा जास्तच खूष.
घरी बायको, मंजू: "मेकअपचा खर्च वाचला म्हणायचा त्यांचा."

७ जून, रवि.
तालीम, चर्चच्या हॉलमध्ये. लेखक नेस्टरच. फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य होतं तेव्हा प्रत्येकाजवळ सेदुला नावाचा कागद लागायचा. नसला की कोठडी. बंडवाले जमतात, कागद टराटरा फाडतात, लढा सुरू.
माझं वाक्य: "आपण सगळे एक कुटुंब. घर सोडून कोणी जातं का?"
हे तर मी दर सोमवारी साइटवर म्हणतो! शब्दन् शब्द. विचारलं, कुठून सुचलं रे?
"आजी सांगायची, सर." चेहरा सरळ.
माझे आजोबा बेचाळीसला येरवड्यात होते, हे मीच त्याला ऐकवलेलं. दोनदा.

१० जून, बुध.
पत्र टाइप केलं. सही नाही. तेवढ्यात मला ही घरं देणाऱ्या मोठ्या कॉन्ट्रॅक्टरचा फोन: "तुझी फिलिपिनो गँग सांभाळ, मेट." थंडी मरणाची, प्लास्टर वाळत नाही.

१३ जून, शनि.
नाटक झालं. माझं वाक्य म्हटलं, हॉल हसला. माझी माणसं सोडून. मग सहा कागद फाटले. मी तसाच उभा. नेस्टर हळूच, "सर, आता तुम्ही पळायचं."
कुठल्या बाजूला, तेच आठवेना.

१५ जून, सोम.
सकाळचं भाषण झालंच नाही. "चला, लागा कामाला," एवढंच. संध्याकाळी व्हॅनमधून सगळ्यांना सोडलं. नेस्टर शेवटी उतरला. दार धरून उभा राहिला. आता पत्राचं विचारणार. ते अजून बिनसहीचंच. काहीतरी सांगून टाळायची तयारी करूनच बसलेलो.
विचारलंच नाही. दार हळू लावलं नि गेला.