सुनेची हलकी गोळी

तिरोडा,
२५ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप केशोमामांना,

अनसूयेचा वाकून नमस्कार. मांडीचं हाड जुळलं आणि कुबड्या घेऊन घरातल्या घरात हिंडता, हे मामींनी कळवलं. शेजारपाजाऱ्यांना बोलावून त्यांच्या नाड्या पाहता, हेही कळवलं. नाड्या बसून पाहाव्यात. इथे मी ठीक आहे. दवाखान्याचं छप्पर ठीक आहे. तुमचा कंपाउंडर चैतराम सकाळी मला नमस्कार करतो आणि मग तुमच्या रिकाम्या खुर्चीला करतो.

फॅमिली डॉक्टरच्या रोजच्या कामात नवं काय आलं ते सविस्तर लिही, म्हणजे आल्यावर मी मागे पडायला नको, असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही मागे पडण्याची काळजी करू नका. जुलैपासून मी इथे आहे आणि तुम्ही नागपुरात, तरी रोगी तुम्हालाच दाखवायला येतात. उदाराम परवा बाकावर बसून राहिला. मी म्हटलं, काय होतंय? तो म्हणाला, ‘‘डाक्टर कवा येईन?’’ मी म्हटलं, मीच डॉक्टर आहे. ‘‘हो ना बाई, ते तं मालूम आहे. पण डाक्टर कवा येईन?’’ (त्याला खरूज आहे. मलम नेलं. लावण्याआधी तुम्हाला विचारणार आहे.) जाताना तुम्ही सगळ्यांना सांगून गेलात की भाची दवाखाना सांभाळेल. इकडे सांभाळणे म्हणजे कुलूप लावणे आणि झाडून घेणे.

तर नवं. ऑगस्टमध्ये गोंदियाला आसपासच्या डॉक्टरांसाठी व्याख्यान झालं. नागपूरहून एक मोठे डॉक्टर आले होते. विषय क्षयावरचे नवे उपचार. मी पहिल्या रांगेत बसले, तेव्हा एका वयस्क डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून चहा कधी येणार म्हणून विचारलं. (आला. मी आणला नाही.) व्याख्यान उत्तम होतं. स्ट्रेप्टोमायसिनची सुई आठवड्यातून दोनदा, आयसोनिआझिडच्या गोळ्या रोज, जोडीला पीएएसच्या पुड्या. एकच औषध दिलं तर जंतू त्याला सरावतात, म्हणून सगळी एकत्र, आणि थांबायचं नाही. शेवटचं वाक्य होतं, ‘‘रोग्याने औषध रोज घ्यावे.’’ यावर कोणी काही विचारलं नाही. मीही नाही. प्रश्न एकच आला, ही गोळी कुटून मिक्श्चरमध्ये घालता येते का.

त्याच आठवड्यात बोदलकशाच्या वाटेवरच्या बिसनलालची धाकटी सून आली. तुम्ही तिला ओळखता, रामकली. वय वीस, मूल नाही, चार महिने खोकला, संध्याकाळी ताप. तिची थुंकी मी स्वतः रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. शंका राहिली नाही. मी सासूला, मुन्नीबाईला, बोलावून सगळं समजावलं. वेगळी खाट, वेगळी थाळी, वेगळा पेला, थुंकी झाकण असलेल्या भांड्यात, औषध रोज. घरी पोचताच खाट, थाळी आणि पेला वेगळा झाला. इतक्या तत्परतेने पाळलेली सूचना मी आजवर पाहिली नाही. औषध मात्र वेगळं झालं नाही.

महिन्याच्या गोळ्या आणि पुड्या दिल्या होत्या, आणि सुईसाठी तिने आठवड्यातून दोनदा बैलबंडीतून यायचं ठरलं होतं. आठवडा उलटला आणि मुन्नीबाई डबी घेऊन हजर, ‘‘सरल्या.’’ मला वाटलं, सांडल्या. तिला राग आला. तिच्या घरात काही सांडत नाही. तिने त्या वाटल्या होत्या. सासऱ्याला, तिन्ही मुलांना, थोरल्या सुनेला, नांगर धरणाऱ्या बकारामला. पोरांना अर्धी. मुक्कामी आलेल्या जावयाला दोन, कारण जावई. रामकलीची गोळी शेवटी, कारण सून शेवटी जेवते. उरली तर.

‘‘घरात आलेली चीज सुनेनं एकटीनं खावाची अन् बाकीच्यानं पाहत राहाचं? आमच्यात अशी रीत नाही, बाई.’’

मी जंतूंबद्दल बोलले. ही साधी गोळी नाही, फार ताकदीची आहे, असंही बोलले. ही माझी चूक. मुन्नीबाई म्हणाली, ‘‘एवढी ताकदीची असन तं मंग धानाच्या कामाले जाणाऱ्यायले नको का? ही तं खाटंवर पडून राहिली.’’ निरोगी माणसाला तिची गरज नाही, असं म्हटलं, तर तिने विचारलं, अपाय आहे का? मी खरं तेच सांगितलं, की एवढ्यातेवढ्याने बहुधा होणार नाही. ‘‘मंग तुम्ही कायले रागावून राहिल्या?’’ (पीएएसच्या पुड्यांना कोणी हात लावला नव्हता. त्या कडू असतात आणि पोट बिघडवतात. त्या सगळ्याच्या सगळ्या रामकलीला मिळाल्या. म्हणजे सुई सोडली तर एकच औषध, जंतूंना सरावण्यासाठी.)

पुढच्या खेपेला मी दोन डब्या दिल्या. एकीत तुमच्या कपाटातल्या यीस्टच्या तपकिरी गोळ्या, आकाराने मोठ्या, वासाला उग्र. या सगळ्या घरासाठी, केशोराव डॉक्टरांच्या, ताकदीच्या. दुसरीत बारीक पांढऱ्या. या सुनेच्या, हलक्या. मुन्नीबाईने दोन्ही हातावर घेऊन पाहिल्या आणि पहिल्यांदाच माझ्यावर प्रसन्न झाली. ‘‘हां. तिले हलकीच बरी.’’ तेव्हापासून पांढऱ्या डबीला कोणी शिवलेलं नाही. जावई तपकिरी दोन खातो. बकारामची भूक वाढली आहे.

रामकलीचा ताप सप्टेंबरअखेर गेला. खोकला जवळजवळ नाही. वजन वाढलं आहे आणि मागच्या वेळी थुंकीत जंतू दिसले नाहीत. यावर घराचं मत असं, की तुमच्या मोठ्या गोळ्यांनी सगळ्या घराची प्रकृती सुधारली, त्या हवेत सूनही सुधारली. बिसनलाल स्वतः येऊन हे सांगून गेले. मी त्यांना पाणी दिलं.

तेव्हा मामा, रोजच्या कामात नवं आलं आहे ते इतकंच. व्याख्यानाची टिपणं हवी असतील तर पाठवते, अक्षर चांगलं आहे. सहज लिहिलं, काही काम नव्हतं. मामींना नमस्कार.

आपली,
अनसूया

ता. क. काम आहे. धान कापणीला आलं आहे आणि परवा रामकलीची बैलबंडी सुईसाठी आली नाही. मी गेले तर ती शेतात विळा घेऊन उभी होती. बरी झाली, आता औषध कायले, असं बिसनलाल म्हणतात. जंतू दिसत नाहीत म्हणजे गेले असं नाही. निदान दीड वर्ष औषध चाललं पाहिजे. आत्ता सोडलं तर दुखणं उलटेल, आणि मग हीच औषधं लागू पडतील याची खात्री नाही. माझ्याकडे तिसरी डबी नाही. तुम्ही बिसनलालना दोन ओळी लिहा, की औषध चालू ठेवायचं आणि तिने यंदा कापणीला जायचं नाही, असं तुमचं म्हणणं आहे. पत्र पोचलं की पारावर वाचून दाखवतील आणि ऐकतील.

ता. क. २. त्या पत्रात माझं नाव घालू नका. भाची म्हणते म्हणून, असं तर मुळीच नको.

ता. क. ३. रामकलीचा इलाज पुरा झाला, की मग मात्र त्या बारीक पांढऱ्या गोळ्या कोणाच्या होत्या ते बिसनलालना सांगा. त्याआधी नको. आधी सांगितलंत तर बंद करतील.