प्रतीतला होकार

ती. कौशल्यामावशीस,

आदिलाबादहून दामिनीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? काकाजींचा कापूस वेचून झाला का? इकडे सगळे बरे आहेत, फक्त बाबा माझ्याशी बोलून नाही राह्यले.

त्यांच्या वधू-वर केंद्राची साइट मी सांभाळते, हे तुला माहीत आहे. दिवाळी झाली की सगळे एकदमच स्थळं पाहायला बसतात आणि साइट रांगते. म्हणून मी डेटाबेसची एक प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवली. नवं काही लिहिलं की ते मुळात जातं, तिथून आपोआप प्रतीत उतरतं, आणि लोक वाचतात ते प्रतीतून. कोणतं काम कुठे धाडायचं ते एक लायब्ररी पाहते (तिला ओआरएम म्हणतात, बाबांपेक्षा गुणी आहे, सांगितलेलं ऐकते). मग मी मुळातला पासवर्ड बदलला आणि प्रतीला कळवायचं विसरले. प्रत होती तिथेच थांबली. नेरडीगोंड्याच्या मीनलचं लग्न झालं, मी तिचं नाव काढलं, तरी तिच्यासाठी स्थळं सांगणारे फोन चालूच (आणि ते तिची सासू मोठ्या चवीने ऐकायची).

त्याच सुमारास मी बाबांना न विचारता माझंही नाव काढलं, कारण मला इतक्यात लग्न करायचं नाही. पडद्यावर 'नाव काढले' असं आलं (लिहिल्याबरोबर वाचलं तर ती लायब्ररी मुळातूनच वाचते), मी निवांत. आणि रविवारी तुमच्या वांकिडीचे सुधाकरराव मुलाला, जीवनला, घेऊन दारात.

आई पोहे देत होती, तेवढ्यात मी लॅपटॉप आणून माझं नाव नाहीच हे दाखवू लागले. सुधाकररावांनी मोबाईल पुढे केला. "मंग हे काय हाय?" तेव्हा मला पासवर्ड आठवला. मी मूळ आणि प्रत समजावून सांगितलं. जीवन शांतपणे म्हणाला, "म्हंजे मुळात नकार हाय, अन् प्रतीत होकार." मला हसू आलं, बाबांना नाही. मी तिथेच प्रतीला नवा पासवर्ड दिला. सुधाकररावांनी पान पुन्हा उघडलं, तर मी गायब. "आत्ता तं होती पोरगी," म्हणत ते पोहे अर्धवट टाकून उठले.

तुझी,
दामिनी

ता. क. वरचं लग्न न करण्याचं वाक्य तेवढं खोडून वाच. जीवन कापूस घेऊन मार्केट यार्डात आला की आमच्या केंद्रावरून जातो, आणि साइट चालू आहे का विचारतो. काल चहाला थांबला होता. बाबा आईला म्हणतात, "मी आता कोन्त्या तोंडानं जाऊ?" तर सुधाकररावांकडे तू जा, आणि तुलाच सुचल्यासारखं बोल.

आणखी एक. त्याचं नाव साइटवर शोधू नको. ते मी काढलंय, दोन्हीकडून.