खाडी आणि आडोसा

आये, या वयात मी घर काढायला बसलोय. हसू नकोस. शाळा सातवीतच सुटली, तरी नातीच्या चौकटीच्या वहीत अख्खा नकाशा काढलाय. एक चौकट म्हणजे एक फूट. उरणच्या डोंगरउतारावर जागा घेतली. बेलापूरच्या सोसायटीत तीस वर्षं समोरच्या बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे बघितले, आता म्हातारपणी खाडी बघायची, एवढीच हौस. मधे चार करंज आडवे येतात. एकाच्या फांद्या नमुना म्हणून छाटल्या, तर मोरा बंदराच्या लाँची थेट दिसायला लागल्या. मग चौघांनाही चुन्याची खूण केली, मुळापासून तोडायची म्हणून.

परवा चुन्याची फक्की टाकून जमिनीवर खोल्या आखल्या आणि तुझ्या सुनेला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं. ती बसते न बसते तोच छाटलेल्या करंजातून ती दिसून खालच्या रस्त्यावरून एक ट्रेलरवाला ओरडला, "मौसी, चाय मिलेगी क्या?" मला हसू आवरेना. ती म्हणाली, "बगा, घर बांधायच्या आधीच गिऱ्हाईक आला." मग आवाज उतरला तिचा. "तुमाला खाडी दिसंल, न सगल्या रस्त्याला मी दिसन. मना नको या घरान. तुमीच ऱ्हावा."

मला आपली न्हाणी आठवली. मागच्या दारी दोन फरश्या आणि भोवती अडुळशाचं कुंपण, तेवढ्यात तुझी आंघोळ. पंधरा वर्षांचा मी, पडवीतून होड्या दिसाव्यात म्हणून कोयत्याने ते कुंपण सपासप उतरवतोय. तू मिठागरावरून येतेस, डोक्यावरची टोपली खाली ठेवतेस, बघत राहतेस. मारलं नाहीस. "तुना होड्या दिसल्या नं? बरा झाला," एवढंच. मग अडुळसा पुन्हा वाढेपर्यंत, दोन पावसाळे, तू उजाडायच्या आत अंगावरच्या लुगड्यासकट आंघोळ उरकायचीस. मी अंथरुणात पाण्याचा आवाज ऐकत पडायचो. तेव्हाच कळायला हवं होतं.

आज करंजांवरचा चुना ओल्या फडक्याने पुसला. स्वयंपाकघर न छाटलेल्या झाडांच्या आड वळवलं. माझी खिडकी दोन खोडांच्या मधे, दोनच चौकटी रुंद. खुर्चीत बसलो की वीतभर खाडी दिसेल. तुझी सून खुश आहे. सगळ्यांना सांगतेय, "यांनी जल्मान पैल्यांदा माजा आयकला." मी नुसती मान डोलावतो. तुला लिहिलेलं हे पान नकाशाच्या वहीतून फाडून ठेवणार आहे, तिला दिसायला नको. अडुळशाचं तिला सांगितलेलं नाही, आये. कौतुक गोड लागतंय.