रूपरावाचं खोकं

आर्वी, ९ ऑक्टोबर १९८४

तीर्थस्वरूप आनंदाबाईस लक्ष्मणाचा दंडवत.

तुझ्या पायाची सूज उतरली का, आणि भाऊजींचा खोकला गेला की सिंदीत अजून वैद्यच बदलणं चालू आहे, ते कळव. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे आपल्या रूपरावाचं क्षेम आहे. माझं विचारू नको. (नाही विचारलंस तरी सांगतोच.)

बाबांनी चोपन्न साली मुंबईहून शिकून आलेल्या एका तरुण आर्किटेक्टकडून बांधून घेतलेलं घर तुला आठवतच असेल. ना कवेलूचं उतरतं छप्पर, ना ओसरी. वर सपाट गच्ची, समोर एक गोल खिडकी (जहाजाला असते म्हणे तशी, आर्वीत जहाज कधी लागणार होतं देव जाणे) आणि आत गोगलगाईसारखा वळलेला जिना. वाटणीच्या वेळी थोरला म्हणून पहिली निवड माझी होती. मी कवेलूचं जुनं घर घेतलं आणि हे खोकं रूपरावाच्या गळ्यात मारलं. त्या निवडीवर मी बावीस वर्षं सुखानं झोपलो.

गेल्या सोमवारी नागपूरहून एक प्राध्यापक आठ विद्यार्थी घेऊन आले आणि त्या खोक्याला टेप लावू लागले. छज्जा मोजला, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. असं घर जिल्ह्यात दुसरं उरलं नाही, हा वारसा आहे, पुस्तकात छापू, असं सर म्हणाले. रूपराव इस्त्रीचा सदरा घालून खिडकीशेजारी असा उभा, जणू ती त्याच्याच तोंडाच्या मापानं काढली होती. मी सरांना मुद्दाम माझ्या घरी चहाला नेलं, सागवानी खांब दाखवले. ते म्हणाले, "छान आहे. अशी घरं गल्लोगल्ली दिसतात." बाई, चहात मी वेलची घातली होती.

मग मला राहवेना. ते घर गळतं हे सरांना कळायला हवं (वारशाचं झालं म्हणून सत्य लपवू नये), म्हणून रूपराव जेवायला बसल्यावर मी गच्चीवर गेलो आणि टाकीतलं चार बादल्या पाणी ओतलं. खाली थेंब झिरपला नाही. (झिरपेल कसा? चोपन्न साली त्या स्लॅबवर एकवीस दिवस पाणी मी आणि रूपरावानंच मारलं होतं.) सगळं पाणी पन्हाळीतून थेट पोरांनी काढून अंगणात पसरलेल्या नकाशांवर पडलं. खाली आठ पोरं माना वर करून उभी, वर मी रिकामी बादली घेऊन उभा. रूपराव हात धुऊन बाहेर आला, माझ्याकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं आणि म्हणाला, "सर, तुमच्या फोटोत गच्ची चांगली यावी म्हून दादा धुऊन राह्यला होता." त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

नकाशे पुन्हा काढायला मंडळी आणखी तीन दिवस राहिली. तेवढ्यात सरांना ट्रंकेत बाबांच्या सहीचा मूळ नकाशा सापडला, आणि पुस्तकात या घराला द्यायच्या एका पानाची चार पानं झाली. धाकट्याला असं घर कसं मिळालं, हे सरांनी विचारलं. "थोरल्यानं देल्लं," असं सांगून रूपराव मोकळा. सरांनी ते लिहून घेतलं.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
लक्ष्मण

ता. क. मुद्द्याचं लिहायचं राहिलं. काल मी रूपरावाला म्हटलं, थोरल्याचा मान म्हणून घरांची अदलाबदल कर. तो भांडेल अशी माझी तयारी होती. तो म्हणाला, "चालते, दादा. त्या जिन्यानं माहे गुडघे गेले. अन् उन्हाळ्यात स्लॅब असा तापते का अंगणातच खाट टाका लागते. तुले हौस आहे तं उद्याच सामान आण." त्याच्या कोकिळेनं तर लगेच भांडी बांधायला घेतली. माझी सुलोचना तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तू पत्र मिळताच निघ आणि मोठी बहीण म्हणून ही अदलाबदल मोडून टाक. मी थोडा विरोध करीन, तिकडे लक्ष देऊ नको.

पुन्हा ता. क. सरांचं कार्ड आत्ताच आलं. पुस्तकात घरासोबत मालकाचाही फोटो छापणार आहेत आणि फोटोवाला शुक्रवारी येतो आहे. तरी पत्र मिळताच निघू नको. शनिवारी ये.